जुन्या संगणकासाठी रॅम निवडताना

प्रश्न: माझ्या घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर३ प्रकारची ४ जीबी रॅम आहे आणि ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की तो अडखळू लागतो. मदरबोर्डवर एक स्लॉट रिकामा आहे. त्यात डीडीआर४ रॅम बसेल का?

उत्तर १: बसणार नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ रॅमला २४० पिना असतात, डीडीआर४ला २८८, आणि खाचही वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे कृपया जोर लावून पाहू नका. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत कमाल क्षमता पाहूनच खरेदी करा.

उत्तर २: त्याआधी विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट, हे तपासा, कारण घरगुती वापराची ३२-बिट आवृत्ती ४ जीबीपेक्षा अधिक मेमरी वापरू शकत नाही आणि नवी रॅम नुसतीच पडून राहील. शक्यतो आहे तितक्याच क्षमतेची आणि वेगाची रॅम घ्यावी, असे माझे मत आहे. वेग वेगळे असल्यास दोन्ही सहसा कमी वेगानेच चालतात.

प्रश्नकर्ता: विंडोज ६४-बिट आहे. सध्याची रॅम १.५ व्होल्टची आहे, तर १.३५ व्होल्टची डीडीआर३एल चालेल का?

उत्तर १: चालेल, ती १.५ व्होल्टवरही काम करते.