मदत हवी आहे: हमिंगबर्डच्या फीडरवर गांधीलमाश्यांचा कब्जा

मंडळी, न्यू जर्सी-पेनसिल्वेनियाकडे परसात हमिंगबर्डसाठी फीडर (साखरपाणी पाजायचं टांगतं भांडं) लावणारं कुणी आहे का?

फीडर उलट्या बाटलीचा, उन्हात टांगलेला. साखरपाणी नेहमीचंच: 1 वाटी साधी पांढरी साखर, 4 वाट्या पाणी. रंग, मध, गूळ काही नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी ब्रशने घासून ताजं भरणं चालू आहे, त्यामुळे काळी बुरशी नाही. मुंग्या अडवायला वर पाण्याची वाटी आहे, तीही चालते. (टांगायच्या आकड्याला तेल लावा असं कृपया सुचवू नका, पिसांना लागलं तर पक्ष्याचे हाल होतात.)

अडचण गांधीलमाश्यांची. दुपारी बाटलीतली हवा तापून फुगते, साखरपाणी ढकलते, थेंब गळतात आणि त्यावर झुंबड उडते. फीडरच्या छिद्रांभोवतीची नकली पिवळी फुलंही त्यांना बोलावतातच.

बशीसारखा, पूर्ण लाल फीडर घ्यायचा विचार आहे. त्यात पाणी छिद्रापासून खाली राहतं. हमिंगबर्डची जीभ पोचते, माशीची नाही. पण काठोकाठ भरला तर तो फायदा जातो ना? किती भरता?

दुसरं, माश्या कमी याव्यात म्हणून 1:5 प्रमाण काहीजण सुचवतात. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र रुबी-थ्रोटेड (आपल्याकडे येणारी हमिंगबर्डची जात) मेक्सिको, मध्य अमेरिकेकडे निघण्याआधी चरबी साठवतात. तेव्हा पातळ द्यावं का, की सावलीत चार-पाच फूट हलवूनच भागेल?

फवारा मारायचा नाहीये. अनुभव असेल त्यांनीच सांगा.