आम्हाला सामाजिक प्रश्नांवर ब्लॉग सुरू करायचाय, पण एका लेखापाशी अडलंय

शेवटचा_बाक
नमस्कार सगळ्यांना. मी नववीत आहे. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी मिळून ब्लॉग सुरू करतोय, मराठीतच, सामाजिक प्रश्नांवर. चार लेख लिहून तयार आहेत, प्रदूषण, मोबाईलचं व्यसन, मुलींचं शिक्षण आणि तरुणांची जबाबदारी. पण खरं सांगू का, परत वाचले तर निबंधाच्या वहीतून उचलल्यासारखे वाटतात, आमच्या आम्हालाच पुढे वाचवत नाहीत.

पाचवा लेख वेगळा झालाय आणि तिथेच गाडी अडलीय. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुली शाळेत पाणीच पीत नाहीत. टॉयलेटच्या दोन दारांना कडी नाही, तिसऱ्यात पाणी नाही, कोणीतरी बाहेर दार धरून उभं राहिलं तरच जाता येतं, मग नकोच ते. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी निघते, आणि घरी कोणी विचारू नये म्हणून काही जणी ती गेटजवळच्या झाडाला ओतून मग बसमध्ये चढतात. आमच्यातल्या एकीला यातून लघवीचं इन्फेक्शन झालं, तिची गोष्ट लेखात आहे, नाव बदललंय. घरचे म्हणतात असलं काही लिहू नकोस, शाळेत त्रास होईल. टाकावा का हा लेख? आणि स्वतःच्या नावाने की टोपणनावाने?

खडूची_भुकटी
अगं बाळा, पहिले चार लेख सध्या बाजूला ठेव. पाचवा लेख हाच तुमचा ब्लॉग आहे.

मी बरीच वर्षं भाषा शिकवतेय. मुलं 'समाजात आज अनेक समस्या आहेत' असं वाक्य लिहितात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर काहीच नसतं, म्हणून वाचणाऱ्यालाही काही दिसत नाही. तू झाडाला ओतलेलं पाणी लिहिलंस आणि मला ते झाड दिसलं. मुक्ता साळवे आठवते का? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुलगी, १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला तेव्हा चौदा वर्षांची, म्हणजे तुझ्याच वयाची. आपल्या समाजाचं दुःख सांगताना ती बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल लिहिते, घरावर छप्पर नाही, थंडीपावसात त्यांचे किती हाल होत असतील. जे जवळून पाहिलं तेच तिने मांडलं, म्हणून इतक्या वर्षांनी आजही ते वाचताना घशात आवंढा येतो. तू टाक लेख.

अर्धविराम
थोडं थांब. टाकायच्या आधी ती मैत्रीण काय म्हणते ते सांग, तुझ्या पोस्टमध्ये ते कुठेच नाहीये.

मी हे भोगलंय म्हणून विचारतोय. कॉलेजात असताना दारूच्या व्यसनावर ब्लॉग लिहिला होता, त्यात वर्गातल्या एका मुलाच्या घरची हकीकत होती. नाव बदललं होतं, पण तो रोज मागच्या चाकाला रीफ्लेक्टर नसलेली हिरवी सायकल घेऊन येतो असंही लिहिलं, का तर वर्णन छान वाटत होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं की हा कोण. मी रात्रीच पोस्ट काढली पण स्क्रीनशॉट आधीच ग्रुपवर फिरत होते. तो माझ्याशी परत बोलला नाही, आणि त्याचं काहीच चुकलं नाही. तुझ्या वर्गात तर इन्फेक्शन म्हणून कोण किती दिवस घरी होती ते सगळ्यांना माहीत असणार, नाव बदलून काय उपयोग? तिला लेख दाखव, पेन तिच्या हातात दे, तिला नको ते तिने खोडायचं. ती पूर्णच नको म्हणाली तर तिचा भाग जाऊ दे, कडी आणि बाटल्या एवढ्यावरही लेख उभा राहतो.

जुना_कीबोर्ड
टोपणनाव घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. मलाला युसुफझाईने २००९ च्या जानेवारीत बीबीसी उर्दूसाठी डायरी लिहायला घेतली तेव्हा ती ११ वर्षांची होती आणि 'गुल मकई' या नावाने लिहायची. हाताने लिहून कागद द्यायची आणि एक पत्रकार ते स्कॅन करून पुढे पाठवायचा. नाव लपवलं होतं, पण डायरीतल्या शाळेत ती स्वतः शिकत होती, म्हणून ते खरं वाटायचं.

बाकी सेटिंगचं बघा. मोबाईलने काढलेल्या फोटोत लोकेशन चिकटलेलं असू शकतं, ते बंद करूनच फोटो काढा, युनिफॉर्म आणि शाळेची पाटी फ्रेममध्ये नको. कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसणार नाहीत असं ठेवा, मैत्रिणीबद्दल कोणी घाण लिहिलं तर ते तिने वाचायला नको. आणि प्रत्येक लेखाची कॉपी स्वतःकडे ठेवा, २००९ मध्ये जिओसिटीज, म्हणजे फुकट वेबपानं बनवून देणारी साईट, बंद झाली तेव्हा कितीतरी लोकांची पानं गेली.

खडूची_भुकटी
अर्धविराम, बरं झालं बोललात. मी लेखाच्या नादात त्या मुलीला विसरले.

दुसरी_बाजू
टोपणनाव ठीक आहे, पण मग माहिती आणखी पक्की हवी, कारण नाव नसलेल्या माणसावर लोक सहज विश्वास ठेवत नाहीत. 'बऱ्याच मुली' म्हणजे किती? आठवडाभर मोजा, रोज किती बाटल्या भरलेल्या परत जातात, नावं नकोत, नुसत्या रेघा मारा वहीत. आणि आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तारखेसकट. कदाचित कोणी आजवर लेखी सांगितलंच नसेल आणि कड्या चार दिवसांत बसतील. नाही बसल्या तर लेखात तारीख घालून लिहा की अर्ज दिला होता आणि काय उत्तर मिळालं, त्यांची बाजूसुद्धा लिहा. मला तर वाटतं लेखापेक्षा कडी लवकर बसली पाहिजे, मुली रोज तहानलेल्या बसतायत.

शेवटचा_बाक
सगळ्यांना खूप थँक्यू. अर्धविराम दादा, मी तिला विचारलंच नव्हतं, नाव बदललं म्हणजे झालं असं वाटलं. आज दाखवला. तिने इन्फेक्शनचा सगळा परिच्छेद खोडला, आणि मग स्वतःच एक वाक्य खाली लिहून दिलं की दार धरायला कोणी असेल का हे सकाळी उठल्यापासून डोक्यात असतं. ते वाक्य आम्ही तसंच ठेवतोय, कोणाचं आहे ते न सांगता. बाटल्या आजपासून मोजायला घेतल्यात, शुक्रवारी आकडा टाकते. अर्ज मी लिहितेय, त्यावर आम्ही तिघींनीच सह्या करायच्या की वर्गातल्या सगळ्यांच्या घ्यायच्या?

दुसरी_बाजू
ज्या करतील त्या सगळ्यांच्या घे, घाबरतात त्यांना आग्रह नको. दोन प्रती काढ, एकीवर मिळाल्याची सही आणि तारीख घेऊन ती तुझ्याकडे ठेव.