मदत हवी आहे: स्टोरेज आणि नेटवर्क एकाच १० जी बॉण्डवर, रात्री बॅकअपला सगळं अडतं

कपाशी-रॅक:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका जिनिंग-प्रेसिंगची सर्व्हर खोली आहे. प्रॉक्समॉक्सचे (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) ३ सर्व्हर, प्रत्येकाला १० जीचे (सेकंदाला १० गिगाबिट) २ आणि १ जीचे ४ पोर्ट. दोन कंट्रोलरचा आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) स्टोरेज बॉक्स, एमएलॅग केलेले (दोन मिळून एकासारखे वागणारे) १० जीचे २ स्विच, बॅकअपचा वेगळा सर्व्हर. दोन्ही १० जी पोर्टांचा एलएसीपी बॉण्ड (दोन केबल मिळून एक जोड), त्यावर एकच ब्रिज (सर्व्हरमधला आभासी स्विच). स्टोरेज, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, कोरोसिंक (सर्व्हर एकमेकांना 'मी चालू आहे' कळवतात ते), बॅकअप सगळं त्यावरूनच. १ जीचे पोर्ट रिकामे. सर्व्हरवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० बाइट.

रात्री ११ ला तिन्ही सर्व्हरचा बॅकअप एकदम सुरू होतो. थोड्या वेळात काट्याच्या व्हीएमची फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होते (वाचता येतं, लिहिता येत नाही), कधी एखादा सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो. हंगामात रात्रीही कापसाच्या गाड्या येतात, काटा बंद म्हणजे गेटवर रांग. स्टोरेजसाठी वेगळे स्विच घ्यावेत, की एफसीओई (फायबर चॅनेल स्टोरेज इथरनेटवरून), पीएफसी (गर्दीत एका वर्गाची वाहतूक थांबवणं) लावून याच सामानात भागेल?

वऱ्हाडी स्विचवाला:
भाऊ, नवीन स्विच घेऊ नका, याच सामानात बसतं. एफसीओईचा विचार सोडा. त्याला दोन्ही टोकांना ती भाषा बोलणारं सामान लागतं, तुमचा बॉक्स आयस्कझीचा आहे.

आधी एमटीयू तपासा. प्रत्येक सर्व्हरवरून स्टोरेजच्या प्रत्येक आयपीला, 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून, ८९७२ बाइटचं पिंग मारा (९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा). साधं पिंग चालतं आणि हे अडतं, तर मधल्या एखाद्या स्विच पोर्टवर जम्बो फ्रेम (१५०० बाइटपेक्षा मोठी पाकिटं) चालू नाही. स्विच मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो, कोणाला कळवत नाही. म्हणून लॉगिन होतं, छोटी कामं होतात, मोठं राइट आलं की लटकतं. स्विचवर ९२१६ ठेवा, सर्व्हर आणि स्टोरेजवर ९०००.

दुसरं, आयस्कझीखालचा बॉण्ड काढा. एलएसीपीत एक टीसीपी सेशन एकाच केबलवरून जातं, आणि बॅकअप त्याच केबलवर येऊन बसला तर दुसरी रिकामी असून उपयोग नाही. पहिल्या पोर्टवर व्हीलॅन (स्विचमधलं वेगळं आभासी नेटवर्क) ३१, दुसऱ्यावर ३२, दोन्हींचे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) वेगळे, वर मल्टीपाथ (एकाच डिस्ककडे दोन स्वतंत्र मार्ग). ३१ फक्त पहिल्या स्विचवर, ३२ फक्त दुसऱ्यावर. दोन स्विचमधल्या पीअर लिंकवरून दोन्ही काढून टाका.

तिसरं, रिकामे १ जी पोर्ट वापरा. दोन पोर्ट काटा आणि बाकी व्हीएमना. उरलेले दोन कोरोसिंकचे दोन लिंक, एमटीयू १५००. कोरोसिंकला बँडविड्थ जवळजवळ लागतच नाही, पण उशीर सहन होत नाही. त्याची पाकिटं बॅकअपच्या मागे अडकली की कोरम (सर्व्हरांचं बहुमत) जातो, आणि एचए (सर्व्हर पडला की व्हीएम दुसऱ्यावर आपोआप उठवणं) चालू असेल तर साधारण मिनिटभरात वॉचडॉग सर्व्हर रीसेट करतो. तुमचा रीस्टार्ट बहुतेक हाच.

कपाशी-रॅक:
पिंग केलं जी. पहिल्या स्विचवरून ८९७२ जातं, दुसऱ्यावरून नाही. तिथे जम्बो बंदच होता, आता ९२१६ केलं. बॅकअप मात्र १० जीवरच ठेवायचा आहे. मग ईटीएसने (स्विचवर वाहतुकीच्या वर्गांना हिस्से वाटून देणं) आयस्कझीला ६० टक्के बांधून दिले तर झालं ना?

ओव्हरहेड लाइन:
दादा, इथेच गल्लत होते. बॅकअपचा डेटा आधी स्टोरेजवरून वाचला जातो, आणि ते वाचनही आयस्कझीच आहे. स्विचला काट्याचं वाचन आणि बॅकअपचं वाचन सारखंच दिसतं, एकाच रांगेत. ईटीएस त्यांना वेगळं करू शकत नाही. शिवाय ईटीएस किमान हिस्सा देतो, कमाल मर्यादा घालत नाही.

म्हणून लगाम बॅकअपलाच लावा. व्हीझेडडम्पच्या (प्रॉक्समॉक्सचा बॅकअप प्रोग्राम) सेटिंगमधला बीडब्ल्यूलिमिट (वेगमर्यादा) केआयबी (१०२४ बाइट) प्रति सेकंदात असतो. २०४८०० टाका, म्हणजे सेकंदाला २०० एमआयबी. तिन्ही सर्व्हर एकदम चालले तरी मिळून साधारण ५ जीबिट, एका केबलच्या निम्मं. डिस्क जुन्या असतील तर तेवढंही नको; तिन्हींच्या वेळा ११, १ आणि ३ अशा लावा.

आणखी एक. बॅकअप चालू असताना व्हीएमने अजून न उचललेल्या ब्लॉकवर लिहिलं, तर जुना ब्लॉक आधी बॅकअप सर्व्हरकडे जातो आणि तोवर व्हीएमचं राइट थांबतं. बॅकअप सर्व्हर मंद असेल तर काटा त्याच्या चालीने चालतो. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून यावर 'फ्लीसिंग' आहे: जुना ब्लॉक सर्व्हरमधल्या स्थानिक एसएसडीवर ठेवून व्हीएमला लगेच मोकळं करतात. ते चालू करा, एसएसडीवर जागा मात्र मोकळी ठेवा.

साधा फ्लो कंट्रोल (८०२.३एक्स) या पोर्टांवर लावू नका. तो अख्खा पोर्ट थांबवतो, स्टोरेजसोबत बाकीचंही. पीएफसी एकाच वर्गाला थांबवतो, पण कार्ड, स्विच आणि स्टोरेज तिघांची सेटिंग जुळावी लागते. आयस्कझी टीसीपीवर आहे, पाकीट हरवलं तर पुन्हा येतं. इथे पीएफसीवाचून अडत नाही.

वऱ्हाडी स्विचवाला:
यात टाइमआउटची भर घाला. आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट मुळात १२० सेकंद असतो. तेवढ्यात सेशन परत आलं नाही की वर आय/ओ एरर जाते आणि व्हीएम रीड-ओन्ली होते. दोन मार्ग झाल्यावर तो ५ करा, म्हणजे काम लगेच दुसऱ्या मार्गावर वळतं. एकच मार्ग असताना ५ केलात तर उलट लवकर पडेल, म्हणून क्रम पाळा: एमटीयू, मग मल्टीपाथ, मग टाइमआउट. एकेक केबल उपटून पाहा. काटा चालूच राहायला हवा.

कपाशी-रॅक:
१० जीला सध्या तांब्याचे आरजे४५ मॉड्यूल आहेत, हात लावला तर चटका बसतो. चालेल का?

ओव्हरहेड लाइन:
बदला. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी तासभर बंद पडला की आधी तेच मॉड्यूल दगा देतात. एकाच रॅकमध्ये आहात, १ ते ३ मीटरच्या डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणाऱ्या तांब्याच्या केबल) घाला, त्या जवळजवळ तापतच नाहीत. एक जादा आणून ठेवा, तालुक्याला मिळणार नाही. आणि लाइन जाऊन आल्यावर आधी स्विच, मग स्टोरेज, दोन्ही कंट्रोलर तयार झाल्यावरच सर्व्हर. बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप चालू' बंद ठेवा, नाहीतर सर्व्हर आधी उठतात आणि त्यांना डिस्कच दिसत नाही.