गाऊन आणि तुम्ही: अनुभव लिहा

मोगरा72
शेजारची नवी सून शॉर्ट्सवर कचरा टाकायला खाली गेली आणि आमच्या सासूबाई लगेच "काय बाई हे कपडे". आता हे म्हणताना स्वतःच्या अंगात काय, तर पुढून चेनचा, मोठ्या फुलांचा गाऊन! आणि याच बाईंनी माझ्या लग्नानंतर मी माहेरून आणलेला गाऊन घालून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर "तुझ्या सासऱ्यांनी बघायचं कुठं?" म्हणून मला परत आत पाठवलं होतं. सासूबाई स्वतः दूधवाला यायच्या आत साडी नेसून तयार, तापातसुद्धा. मग त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, साडी नेसवणं जमेना, नाइलाजाने गाऊन आला तो कायमचा. आता लग्नकार्य सोडून सगळीकडे तोच. कोणी कोणी काय काय ऐकलंय ते लिहा, मी कुकर लावून येते

भाकरतुकडा
आमच्याकडे गाऊनच्या आत परकर कंपल्सरी होता आणि खांद्यावर टॉवेल. टॉवेल टाकला की बाई सभ्य 😂 मग खुशाल वाण्याकडे जा

घणसोलीची
@भाकरतुकडा टॉवेलवर भागलं तुमचं. आमच्या शेजारच्या गोठिवलीत (नवी मुंबई) 2014 मध्ये दिवसा गाऊन घालून फिरलं तर 500 रुपये दंड लावला होता, पेपरात आलं होतं आणि दंड लावणाऱ्या बायकाच बरं का, पुरुष नाहीत. माझी नणंद विचारत होती वर ओढणी घेतली तर अडीचशे का

अण्णा_चाळवाले
आणि आम्ही पट्ट्यापट्ट्याच्या अर्ध्या चड्डीवर नाडी लोंबत अख्खी चाळ फिरायचो, नळावर आंघोळी करायचो, कोणी चकार शब्द काढला नाही

घणसोलीची
@अण्णा तुमचेही दिवस भरलेत, ग्रेटर नोएडात 2023 ला एका सोसायटीने नोटीस लावली होती, त्यात नाइटीबरोबर लुंगी पण होती 😜

निवृत्त_बाई
गाऊन नाही पण लिहिते. आमच्या शाळेत साडीच. एसटी पकडताना पायरीवर निऱ्यांत पाय अडकून पडले, गुडघा फुटला, तेव्हा आम्ही चौघींनी पंजाबी ड्रेससाठी अर्ज दिला तर मीटिंगमध्ये एक सर म्हणाले मग मुलींना शिस्त कोण लावणार. (ते सर स्वतः शर्टची दोन बटणं उघडी टाकून यायचे.) आता मार्च 2024 चा शासन निर्णय बघा, शिक्षकांना जीन्स टीशर्ट नको, बायकांनी साडी नाहीतर सलवार किंवा चुडीदार कुर्ता दुपट्टा. ज्याच्यासाठी आम्ही बोलणी खाल्ली तो ड्रेस आता सरकारी यादीत सभ्य म्हणून. अजून वीस वर्षांनी जीन्स सभ्य आणि दुसरंच काहीतरी असभ्य असेल, कारण ओरडायला काहीतरी लागतंच आपल्याला

मोगरा72
@निवृत्त_बाई गुडघा बरा आहे ना आता?

निवृत्त_बाई
थंडीत बोलतो

पिंट्याची_आई
विषय थोडा वेगळा आहे पण.. माझ्या आजीच्या हातावर कोपरापर्यंत गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके. आईला तेच गावंढळ वाटायचं, तिने मुंबईत आल्यावर मनगटावरची तुळस झाकायला कायम लांब बाह्या घातल्या. आणि आमच्या पिंट्याने मानेवर भलामोठा वाघ काढून आणला, आता म्हणतो आर्मीत जायचंय. अहो तिथे कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला नाहीतर तळहाताच्या मागे चालतो, आदिवासींना सूट आहे पण हा कुठला आदिवासी. लेझरचं कोणाला माहीत आहे का, डाग राहतो का

भाकरतुकडा
माझ्या भावाने नाव काढून घेतलं (जुन्या मैत्रिणीचं 🤐), बऱ्याच सिटिंग लागल्या, पुसट राहिलंय. स्किनच्या डॉक्टरकडेच जा, पार्लरमध्ये नको

शांत_गोदावरी
बाबा गेल्यावर आईने रंगीत गाऊन बहिणीच्या मोलकरणीला देऊन टाकले, राहिले ते राखाडी आणि बदामी. कोणी सांगितलं नव्हतं, पण समोरच्या काकू "अगोबाई, लाल?" एवढंच म्हणाल्या होत्या. 2022 मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, ती बातमी मी तिला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली "गावाने ठराव केला ते बरंच झालं, पण आपल्या जिन्याचं काय?"

मोगरा72
😔 आईंना एक लाल गाऊन माझ्याकडून

शांत_गोदावरी
पाठवा, पण खिशाचा हवा हं, तिला मोबाइल ठेवायला लागतो

भाकरतुकडा
खिसा!! कोणी नीट खिसा का देत नाही, देतात तो रुमालाएवढा

घणसोलीची
तुळशीबागेत मिळतात दोन्हीकडे खिसेवाले, कॉटनच घ्या, अल्पाइनचा उन्हाळ्यात अंगाला चिकटतो

अण्णा_चाळवाले
आमच्या हिच्यासाठी पण सांगा, डबल एक्सेल, आणि उंची जास्त आहे, घोट्याच्या वर जातो म्हणून रोज माझ्यावर चिडते