मदत हवी आहे : रॉचेस्टरच्या रोजगाराचे जुने-नवे आकडे कसे जुळवू?

एम.ए.च्या प्रकल्पासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा अभ्यास करतेय. १९८२ मध्ये तिथे कॅमेऱ्याच्या फिल्म बनवणाऱ्या एकट्या कोडॅक कंपनीत सुमारे ६० हजार लोक कामाला होते. आज सगळ्यात जास्त नोकऱ्या रॉचेस्टर विद्यापीठात आणि त्याच्या रुग्णालयांत आहेत. एवढी माणसं कारखान्यातून कुठे गेली, हेच मला शोधायचंय.

जनगणना पाहिली (१९५० ला ३.३२ लाख, २०२० ला २.११ लाख), पण ती शहराच्या हद्दीपुरती. कोडॅकचा कारखाना शेजारच्या ग्रीस नावाच्या गावातही पसरलेला, म्हणून अख्खी मन्रो काउंटी (रॉचेस्टर ज्यात येतं तो जिल्हा) धरली. अडलंय ते उद्योगांच्या वर्गीकरणात: अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागाचे नव्या वर्गीकरणातले आकडे १९९० पासूनचेच आहेत, त्याआधीचे जुन्या पद्धतीत. विकतचा डेटा परवडणार नाही.

काउंटी पातळीवर ही दोन वर्गीकरणं कोणी जुळवली आहेत का? कशी?