मदत हवी आहे : सी, लिबकर्ल आणि ईपोल, शेवटची दहा-बारा डाउनलोडं लटकूनच बसतात

मंडळी नमस्कार, दोन रात्री गेल्या, डोकं चालंना म्हणून इथं टाकतोय. जरा लांबड होईल, सांभाळून घ्या.

सांगलीत एका छोट्या ऑफिसात कामाला आहे, द्राक्षबागेत हवामान स्टेशनं बसवायचं काम आमचं. मणेराजुरी, सावळज, तिकडं कवठेमहांकाळपर्यंत मिळून ३१० स्टेशनं, प्रत्येकात सिम, सगळी व्हीपीएनवर आणि आत एक बारका एचटीटीपी सर्व्हर. पहाटे ४ ला आपला प्रोग्रॅम प्रत्येकाकडून दोन फायली ओढतो, एक सीएसव्ही ज्यात तापमान, आर्द्रता, पान किती तास ओलं राहिलं वगैरे, आणि एक वेलीचा फोटो. सहाच्या आत शेतकऱ्याला मेसेज गेला पायजे, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) दिवसात फवारायचं का नाही हे माणूस उजाडताच ठरवतो, दहाला मेसेज जाऊन काय त्याचा उपयोग.

आधी दर स्टेशनला एक थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी वाट) होता. चालायचं, पण लॉकच्या भानगडी इतक्या झाल्या की सगळं काढून मल्टी सॉकेट पद्धतीवर आलो, म्हणजे एकच थ्रेड, लिबकर्ल (फायली ओढणारी लायब्ररी) सॉकेट कॉलबॅकमधून, म्हणजे मी दिलेलं फंक्शन बोलवून, सांगतंय कुठल्या सॉकेटवर (जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावर) नजर ठेवायची, मी तो ईपोलमध्ये (अनेक सॉकेटांवर एकदम नजर ठेवायची लिनक्सची सोय) घालतो, काही हललं की लिबकर्लच्या कर्ल_मल्टी_सॉकेट_ॲक्शन फंक्शनला कळवतो. स्पीड झकास आला, मशीन गारेगार.

पण रोज दोन रडगाणी. एक म्हणजे सीएसव्ही सगळ्या येतात पण काही फोटो अर्ध्यात थांबतात. दुसरं म्हणजे ३०० च्या आसपास संपतं आणि उरलेली दहा-बारा तशीच लटकतात, सकाळी नऊला येऊन बघितलं तरी तिथंच. टाइमआऊट ९० सेकंद लावलाय! आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या गर्दीत टाइमआऊट बरोबर लागतो, लॉगमध्ये दिसतोय, शेवटी शेवटीच लागत नाही. सीपीयू शून्य. एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडं काय मागतोय ते दाखवणारं टूल) लावला तर ईपोल_वेटमध्ये निवांत बसलंय, टाइमआऊटच्या जागी उणे १, म्हणजे काही हलेपर्यंत कितीही वेळ थांब. कुणी यातनं गेलंय का?

कृष्णाकाठ : यूलिमिट बघा आधी. फाइल डिस्क्रिप्टरची (एका प्रोग्रॅमला एका वेळी किती फायली, सॉकेटं उघडता येतात त्याची) सॉफ्ट लिमिट बऱ्याच लिनक्सवर १०२४ असते, आमचं एकदा तिथंच अडकलं होतं.

धागाकर्ता : बघितलं दादा, ३१० सॉकेट आणि थोड्या लॉग फायली, जवळपासही जात नाही. सिलेक्ट (ईपोलच्या आधीची जुनी सोय) वापरत असतो तर १०२४ ची भीती होती, ईपोलला ती नाही.

मिरजेचा जुना सीवाला : तीन गोष्टी सांगा. लटकलेली सॉकेटं एसएस कमांडमध्ये कुठल्या अवस्थेत दिसतात, टायमर कॉलबॅकमध्ये (परत कधी हाक मारायची हे लिबकर्ल ज्यातनं सांगतं) काय लिहिलंय, आणि ईपोलमध्ये सॉकेट घालताना एज ट्रिगरचा फ्लॅग लावलाय का.

धागाकर्ता : सर, सगळी एस्टॅब्लिश्ड (जोडणी चालू) दिसतात. एज ट्रिगर हो, लावलाय, कुठंतरी वाचलं की फास्ट असतं. टायमर कॉलबॅक लावलाच नाही, त्याच्याऐवजी नवीन डाउनलोड जोडलं की मीच एकदा सॉकेट_ॲक्शनला टाइमआऊटवाला कॉल मारतो, की सुरू होतंय.

मिरजेचा जुना सीवाला : मग दोन्ही आजार तिथंच आहेत.

फोटोचं आधी. लेव्हल ट्रिगर म्हणजे दारात दुधाची किटली आहे तोवर गवळी हाक मारत राहणार. एज ट्रिगर म्हणजे किटली ठेवली, बेल एकदा वाजवली आणि गवळी गेला. मग किटली पूर्ण रिकामी करायची जबाबदारी तुमची, म्हणजे ईअगेन (आत्ता वाचायला काही नाही) येईपर्यंत वाचायचं. पण इथं वाचणारे तुम्ही नाही, लिबकर्ल आहे, आणि ते एका फेरीत ठरावीकच वाचून बाकीचं पुढच्या हाकेवर सोडू शकतं. सीएसव्ही एका घोटात संपते म्हणून तिला धक्का लागत नाही, फोटो मोठा, अर्धा किटलीतच राहतो. फ्लॅग काढा. ३१० सॉकेटांना वेगाचा फरक दिसणारही नाही.

आता लटकण्याचं. लिबकर्लला स्वतःचं घड्याळ वाजवता येत नाही, त्याला कुणीतरी हाक मारली तरच ते बघतं की कुणाची वेळ संपली. कुठल्याही एका सॉकेटसाठी हाक मारली तरी ते जाता जाता सगळ्यांचे संपलेले टाइमआऊट तपासतं, म्हणून गर्दीत तुमचे ९० सेकंद बरोबर लागतात, दुसऱ्यांच्या जिवावर. शेवटी उरतात ती रेंज गेलेली स्टेशनं. कनेक्शन झालंय, रिक्वेस्ट पोचलीय आणि मग समोरचा गप. तिथं टीसीपीला पाठवायलाच काही नाही, कीपअलाइव्ह (समोरचा आहे का हे अधूनमधून तपासणं) तुम्ही चालू केलं नसेल, तर कर्नल तो सॉकेट कितीही वेळ एस्टॅब्लिश्ड ठेवतो. कनेक्शनच झालं नसतं तर सिन (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) परत परत पाठवून साधारण दोन मिनिटांनी कर्नलनं एरर दिली असती आणि तुम्ही जागे झाला असता. आता सॉकेट हलत नाही, तुम्ही उणे १ लावून झोपलेले, लिबकर्ल तुमच्या हाकेची वाट बघतंय. सगळेच वाट बघतायत.

टायमर कॉलबॅक लावा, ते सांगेल तेवढ्या मिलिसेकंदांनी टाइमआऊटवाला कॉल मारा. टायमरएफडी (सॉकेटसारखी नजर ठेवता येणारा लिनक्सचा टायमर) करून त्याच ईपोलमध्ये घातला तर लूप एकच राहील. आणि हो, कॉलबॅकच्या आतूनच सॉकेट_ॲक्शन बोलवू नका, ते चालत नाही.

धागाकर्ता : सर, डोळे उघडले. रात्री करून सांगतो.

धागाकर्ता : केलं आणि आता एकही डाउनलोड सुरूच होईना 😭 एज ट्रिगर काढला, टायमरएफडी घातला, माझा हातानं मारलेला कॉल काढून टाकला. कॉलबॅक येतोय, आकडा ० येतोय, तो तसाच टायमरएफडीला देतोय, पण टायमर वाजतच नाही. आधी निदान ३०० तरी येत होती की ओ.

कृष्णाकाठ : ह्यात मी पडलोय. लिबकर्लचा ० म्हणजे आत्ता लगेच, पण टायमरएफडीला शून्य दिलं की तो टायमरच बंद करतो. अर्थ एकदम उलटा! ० आला तर १ नॅनोसेकंद द्या. उणे १ आला तर मात्र खरंच बंद करायचा, तिथं शून्य द्या. लिबकर्लबरोबर जी उदाहरणं येतात त्यात ईपीहायपरफिफो नावाची सी फाइल आहे, ईपोल आणि टायमरएफडी दोन्ही, हुबेहूब हेच केलंय. आणि टायमर वाजला की त्यातले ८ बाइट वाचून टाका, नाहीतर लेव्हल ट्रिगरमुळं तो सारखा तयारच दिसेल आणि सीपीयू १०० टक्के.

मिरजेचा जुना सीवाला : बरोबर. आणि दर हाकेनंतर मल्टी_इन्फो_रीड (कुठली डाउनलोडं संपली ते सांगणारं) रिकामं होईपर्यंत वाचताय ना? एकदाच वाचलं तर एकाच वेळी संपलेली दोन डाउनलोडं असली की एक तुमच्या मोजणीत येत नाही.

धागाकर्ता : तिथं इफ होता, व्हाइल केलाय. 🙏

धागाकर्ता : आज पहाटेचा निकाल. ३१० पैकी ३०३ पूर्ण आली, फोटोसकट, एकही अर्धा नाही. ७ टाइमआऊट एररनं बाहेर पडली आणि प्रोग्रॅम ४ वाजून ९ मिनिटांनी स्वतःहून बंद झाला, मेसेज पाचच्या आत गेले. ती ७ सगळी दंडोबाच्या डोंगरापलीकडची, तिथं रेंज म्हणजे वाऱ्यावर. साहेबांना वाटतंय की प्रोग्रॅममुळंच ती आली नाहीत, त्यांना लॉग दाखवला, पटलं नाही, त्यामुळं आज उन्हातान्हात अँटेना आणि पाइप घेऊन मलाच जायचंय. दोघांचेही लई आभार, कोड साफ करून रविवारी इथंच टाकतो.

कृष्णाकाठ : टाका. आणि जाताना केबल जादा घ्या, तिकडच्या बागांत मांडवाच्या तारेपासून लांब उभा करावा लागतो पाइप.