फ्रीजमधले कांदे

दापोलीच्या अंगणात कुठला पिवळा डॅफोडिल (थंड देशांतलं, कंदातून येणारं फूल) लावावा, असं इथे एकाने विचारलंय आणि वरच्या उत्तरांत सगळे 'किंग आल्फ्रेड' सुचवतायत. जात नावाजलेली, १८९९ची. पण त्या नावाखाली हल्ली बहुधा 'डच मास्टर'च गळ्यात मारतात. आणि दोघांनाही १२-१४ आठवडे ९ अंशांखालची थंडी हवी. आपल्याकडे पौषातही पंखा लागतो!

मी देवगडात हा उद्योग केलाय. कंद फ्रीजच्या भाजीच्या खणात ठेवले, शेजारी पिकलेले चिकू. पिकत्या फळांच्या वायूने आतली कळी मरते, हे नंतर कळलं. पानं हातभर आली, फूल एकही नाही. त्यात आई त्यातलाच एक कांदा समजून विळीवर घेऊन बसली होती. बुळबुळीत चीक बघून थांबली. विषारी असतात हो ते, पिशवीवर ठळक लिहून ठेवा.

डॅफोडिलचाच हट्ट असेल तर 'सोलेय दोर' (Soleil d'Or) ही जात बघा. झुपक्याने फुलतो, पिवळ्या पाकळ्या, मधली वाटी नारिंगी, थंडीही फारशी मागत नाही. कुंडीतच लावा, पाणी साचलं की कंद कुजलाच. दुसऱ्या वर्षीचा भरवसा मात्र नको.

मी आता पिवळी रेन लिली लावतो. डॅफोडिलच्याच कुळातली, सर पडून गेली की चार दिवसांत पायरीशेजारी फुललेली असते.